श्रद्धांजलीला एक मत विरोधात

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर, शेवंताबाईवर. पोळ्याच्या आदल्या शुक्रवारी, सकाळी साडेदहा वाजता, वडीगोद्रीपासून आत असलेल्या आमच्या गावच्या ग्रामसभेत, शाळेच्या व्हरांड्यात, भर उजेडात. आत्याला जाऊन तेव्हा बारा दिवस झाले होते, म्हणजे उभं राहून उत्तर द्यायची तिची सोय नव्हती. नाहीतर हे करायची कुणाची छाती झाली नसती. ग्रामसेवकांनी चष्मा पुसला आणि शोकप्रस्ताव वाचला : 'कै. शेवंताबाई या अत्यंत शांत, सोशिक व मनमिळाऊ होत्या. गावच्या एकोप्यास त्यांनी आयुष्यात कधीही विरोध केला नाही. ही सभा त्यांना सर्वानुमते श्रद्धांजली वाहते.' आता बघा. आम्ही बौद्ध. आमचं माणूस कैलासाला कशाला जाईल? म्हणजे पहिलं अक्षरच चूक. शांत म्हणाल, तर तिचा आवाज फाट्यावरच्या एसटीला ऐकू जायचा. सोशिक म्हणाल, तर तिनं फक्त दमा सोसला, तोही शिव्या देत. आणि विरोध... तिनं आयुष्यात दुसरं काय केलं?

मी पत्रकं लिहिते. गायरान, घरकुल, शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, जिथं कुणाचं अडलं असेल तिथं आमच्या चार-सहा जणांच्या गटाचं पत्रक निघतं आणि ते बहुतेक माझ्या हातचं असतं. त्यामुळं गेलेल्या माणसावर पुरवणीत कसं लिहितात ते मला येत नाही. 'वटवृक्ष कोसळला' वगैरे जमणार नाही. आत्या चार फूट दहा इंच होती, कोसळायला उंची लागते. पण पत्रकाची रीत मला तिनंच शिकवली. पहिल्या ओळीत सांगायचं, अन्याय कोणावर झाला आणि कधी. शेवटच्या ओळीत सांगायचं, वाचणाऱ्यानं काय करायचं. "आन् मधलं?" मी विचारलं होतं. "मधलं कोणी वाचत न्हाई," ती म्हणाली होती, "पन लिहावं लागतं. भाकर दोन्ही अंगानं भाजली तरी मधी पीठ लागतंच की." तर हे मधलं.

बातमी आली तेव्हा मी जालन्यात छापखान्यात प्रूफ तपासत होते. तिथल्या फोनवर बापू होते, माझे वडील, आत्याचे धाकटे भाऊ. "सुने, आक्का गेली." मी कागदावरची नजर न काढता विचारलं, "कुठं? अंबडला का जालन्याला?" कारण आत्या सदाच कुठंतरी गेलेली असायची. तहसीलला, पंचायत समितीला, कुणाच्या रेशनकार्डापायी, कुणाच्या निराधाराच्या पगारापायी. छपाईचं मशीन खडखडत होतं. मग बापू म्हणाले, "जल्दी ये"... आणि मी हातातलं प्रूफ तसंच मंजूर करून निघाले. त्यात सात चुका राहिल्या. आत्यानं बघितल्या असत्या तर सगळा गठ्ठा परत छापायला लावला असता.

तिचं लग्न भोकरदनकडच्या एका घरात झालं होतं आणि ते वर्षभर टिकलं. नवरा वाईट नव्हता. सासू मारत नव्हती. खायला होतं. मग परत का आलीस, असं मी मोठी झाल्यावर विचारलं, तर म्हणाली, "मला कोणी काई इचारतच नव्हतं. भाजी कोणती करायची, बाजाराला कवा जायचं, कायच न्हाई. बैलाला बी जुंपायच्या आधी थोपटत्येत." एवढ्या कारणावर माहेरी आलेली बाई तेव्हा तालुक्यात दुसरी नसेल. एक्क्याऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराला ती अंकुशनगरला ऊस तोडायला जाऊ लागली. तिथं भाकरी खायला कधी बसायचं हे मुकादम ठरवायचा. हिनं एक दिवस फडातच टोळीला विचारलं, आत्ता बसायचं का नंतर, हात वर करा. मुकादमाला आधी वाटलं बाई खुळी आहे. हात वर गेले तेव्हा वाटलं बाई धोक्याची आहे. नामांतराच्या आंदोलनात ती आठ दिवस जेलात बसून आली. लोक विचारायला आले, लई हाल झाले का? "हाल कायचे? जेवन बराबर मिळत हुतं. पन रोज तीच डाळ. मी मतदान घेतलं, अकरा बाया डाळीच्या इरोधात. जेलर म्हनला, इथं मतदान चालत न्हाई. मी म्हनलं, मंग बाहीर तरी कुठं चालतंय?"

घरात मात्र चालायचं. आम्ही चौघं : आत्या, बापू, आई आणि मी. शेळी विकायची का, सुनीला पुढं शिकवायचं का, भिंतीला चुना कोणत्या रंगाचा, सगळ्याला मतदान. ज्वारीचा दाणा म्हणजे होय, तुरीचा म्हणजे न्हाई. तांब्यात मूठ घालायची, आत उघडायची, रिकामी बाहेर काढायची. बापूंनी माझ्या आठवणीत एकही मतदान जिंकलेलं नाही. तीन बाया आणि एक ते. गुप्त मतदान असूनही तो एक दाणा कुणाचा हे शेजाऱ्यांनासुद्धा कळायचं. फक्त एकदा, रेडिओ घ्यायचा का या प्रश्नावर, चारही दाणे ज्वारीचे निघाले. बापूंना केवढा आनंद झाला! पण आत्यानं ते मतदानच रद्द केलं. "चौघांचं एक झालं म्हंजी कोणीतरी भ्यालेलं हाये," ती म्हणाली. "परत टाका." परत टाकले, तीन-एक झालं, मग रेडिओ आला. तो तुरीचा दाणा तिनंच टाकला होता, असा मला आजही संशय आहे.

आता कपबशीचं सांगते. फाट्याजवळ, शाळेच्या बरोबर समोर, दगडूबाचं हॉटेल होतं. आत बाकडी, फुलाफुलाचे कप. बाहेर लिंबाच्या झाडाला एक खिळा आणि त्या खिळ्याला तारेनं टांगलेली एक कपबशी, कानतुटकी. ती आमची. आमच्या वस्तीतल्या माणसानं ती काढायची, पुढं धरायची, दगडूबा वरून चहा ओतणार, झाडाखाली बसून प्यायचा, आपण विसळायची, परत टांगायची. धर्म आम्ही छप्पन साली बदलला. पण ते दगडूबाला कोणी कळवलं नव्हतं, असं आत्या म्हणायची. तिनं त्या कपात कधी चहा घेतला नाही. बापू घ्यायचे. "आक्का, चहा चहाच आसतो." "मंग आत जाऊन पे की." "आत गर्दी आसती." यावर दोघं आठ-आठ दिवस बोलायचे नाहीत.

मी नववीत होते तेव्हा ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि आमचा वॉर्ड पहिल्यांदाच अनुसूचित जातीच्या बाईला राखीव झाला. गावात आबा म्हणून मोठं माणूस होतं. शेती रग्गड, आवाज मऊ, कधी कुणाला अरे म्हटलं नाही. म्हणायची गरजच पडली नाही. आबा दर वेळी मारुतीच्या पारावर बसून निवडणूक बिनविरोध करायचे. या वेळी पारावर ठरलं की आमच्यातल्या कौसाबाईला घ्यायचं. कौसाबाई तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला परतूरला गेल्ती. तिच्या नवऱ्यानं मान हलवली होती. सही करायला तिला आणायचं काम त्याच्याकडं. आपण उभ्या आहोत हे गावात सगळ्यात शेवटी तिला कळणार होतं. "मला इचारलं का?" आत्या भर वस्तीत म्हणाली. "ते जाऊ द्या. कौसाला तरी इचारलं का?" आणि अंबडला जाऊन अर्ज भरून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आमच्या घरी आले. बरोबर सोसायटीचे चेअरमन आणि खुद्द दगडूबा. आमच्या गल्लीत हे तिघं त्याआधी कधी आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. बापूंनी बाज टाकली. "शेवंताबाई," आबा म्हणाले, आणि आई आतून कुजबुजली, "नुसता अर्ज भरला तर बाई झाली. निवडून आल्यावर काय म्हणतील?" आत्या म्हणाली, "बसा, चहा टाकते." आबा म्हणाले, "नको नको, आत्ताच झाला." चेअरमन म्हणाले, "माझा उपास आहे." "उपासाला चालतो की. परवा ह्यांच्या हाटेलात भज्यासंगट चालून राह्यला व्हता." दगडूबा म्हणाला, "मला दिवसभर चहाचाच वास, शेवंते, जीव इटून जातो." "मंग आज दुसऱ्याच्या हातचा पे." शेजारून तीन काचेचे गिलास आणले आणि चहा बाजेवर मांडला. आबा एकोप्यावर बोलू लागले. गाव म्हणजे एक कुटुंब, मतदानानं भावाभावांत फूट पडते, बिनविरोध गावाचं नाव होतं... पंधरा मिनिटं बोलले. आत्या त्यांच्याकडं बघत नव्हती, चहाकडं बघत होती. चहावर साय धरली. कोंबडी येऊन बाजेखाली बसली. शेवटी आत्या म्हणाली, "आबा, तुम्ही तिघं हा चहा प्या. मी आत्ता तुमच्या जीपमधी बसून अंबडला येते आन् अर्ज मागं घेते. बिलकुल."

दगडूबानं गिलासाकडं बघितलं, आबांकडं बघितलं. चेअरमन धोतराचा सोगा झटकू लागले. मग आबा उठले. "गावचा एकोपा मोडू नको, शेवंता," म्हणाले. 'बाई' गेली होती. आत्या म्हणाली, "एकोपा आसता तर चहा थंड झाला नसता, आबा." ते गेल्यावर बापूंनी तिन्ही गिलास संपवले, साखर वाया कशाला घालवायची म्हणून. मी पुढं कितीतरी वर्षांनी विचारलं, त्यांनी खरंच पिला असता तर? "तर घेतला आसता मागं. बोलले ते बोलले." मग म्हणाली, "पन मला म्हाईत हुतं. ती साय लई जुनी हाये."

चिन्ह निवडायला ती तहसीलला गेली. तिथल्या कारकुनानं सांगितलं, मावशी, छत्री घ्या, लोकांच्या ध्यानात राहते. हिनं कपबशी घेतली. मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. सुरुवात : 'तमाम शोषित, पीडित, वंचित बंधू-भगिनींनो, प्रस्थापित व्यवस्थेच्या जोखडाखाली...' आत्यानं मोठ्यानं वाचून घेतलं आणि विचारलं, "ही प्रस्थापित व्यवस्था कुठं राहती?" मी म्हटलं, कुठं राहते म्हणजे? "म्हंजी घर कुठाय तिचं? पाराजवळ का नदीकडं? मानसाला कळाया नको, कोनाच्या दारात जायचं?" शेवटी पत्रक दोन ओळींचं झालं. शेवंताबाईला पारावर कोणी विचारलं नाही. कपबशीवर शिक्का मारा. मला त्या वेळी रडू आलं होतं. माझं जोखड गेलं होतं.

मतदानाच्या दिवशी केंद्र शाळेतच होतं. आबांच्या बाजूचा पोलिंग एजंट म्हणजे त्यांचा पुतण्या, औरंगाबादेत लॉ करून राह्यला होता, कायदा नवा नवा होता त्याच्याकडं. सकाळी नऊच्या सुमाराला तो शाळेच्या दारात उभा राहिला आणि त्याला समोर लिंबाच्या झाडाला उमेदवाराचं चिन्ह टांगलेलं दिसलं. मतदान केंद्रापासून शंभर मीटरच्या आत! त्यानं लगेच लेखी हरकत घेतली. ती कपबशी त्यानं जन्मापासून बघितली होती, म्हणजेच कधी बघितली नव्हती. आबा तिथं असते तर त्याचा हात धरला असता. पण आबा मतदार आणायला गेल्ते. ते आले तोवर तहसीलातून फिरतीवर आलेले साहेब जीपमधून उतरलेले होते, आणि सगळी रांग वाकून बघत होती.

"ही कपबशी कोणाची?" साहेबांनी विचारलं.

"शेवंतेची!" दगडूबा म्हणाला.

"साहेब, माझ्या कपाला कान हाये," आत्या रांगेतून म्हणाली. "हिच्यात मी कधी चहा पेले आसंल तर इचारा सगळ्या लायनीला. ही हाटेलाची हाये."

"हॉटेलची कपबशी झाडाला कशी?"

दगडूबानं कपाळ पुसलं. "वाळाया टाकलीय, साहेब."

"कधीपासून?"

रांगेतून आमच्यातलं एक म्हातारं म्हणालं, "माझ्या लग्नाच्या आधीपासून." मागून दुसरा म्हणाला, "आता वाळली आसंल." रांग फुटायची वेळ आली इतकं लोक हसले. साहेब हसले नाहीत. "काढा आणि आत ठेवा," म्हणाले. "आत?" "आत. बाकीच्या कपांत." दगडूबा म्हणाला, "तसं... तसं न्हाई करता येत, साहेब." साहेब म्हणाले, "का?"

त्या 'का'चं उत्तर गावात शेंबड्या पोरालाही येत होतं, आणि ते तोंडातून निघालं की गुन्हा होत होता. दगडूबानं आबांकडं बघितलं, आबांनी पुतण्याकडं, आणि पुतण्याला त्या क्षणी आपण काय केलं ते कळलं. त्याचे कान लाल झालेले मी बघितले. साहेबांनी कागद पुढं केला. लिहून द्या. दगडूबानं लिहून दिलं : सदर कपबशी माझ्या हॉटेलची असून ती सर्व गिऱ्हाइकांसाठी आहे. खाली सही. मग साहेबांच्या देखत ती कपबशी खिळ्यावरून उतरली, विसळली गेली आणि आत फुलांच्या कपांत जाऊन बसली. ते साहेब कुठल्या जातीचे होते, असं मी नंतर विचारलं तर आत्या भडकली. "मानसानं बराबर काम केलं की जात इचारती?"

ऊन वाढलं होतं. साहेबांनी सगळ्यांना चहा सांगितला. ट्रेमध्ये सहा कप आले : साहेब, पोलीस, दोन्हीकडचे एजंट, आत्या आणि आबा. आबांना मोठ्या माणसाची रीत अंगवळणी; स्वतः कधी आधी उचलायचं नाही. "घ्या, घ्या, आधी तुम्ही घ्या," ते म्हणत राहिले आणि जो तो कान असलेला कप उचलत गेला. आत्यानं निवडून निळ्या फुलाचा घेतला. ट्रेमध्ये एक उरला. आबा म्हणाले, "माझा आत्ताच..." "झाल्ता," आत्या म्हणाली. "त्या दिशी बी आत्ताच झाल्ता." साहेब म्हणाले, "घ्या हो आबा, निवतोय." आबांनी तो कप उचलला. कान नाही, बोटं पोळली; हात बदलला, तोही पोळला; बशीत ओतला आणि डोळे मिटून एका घोटात आत टाकला. डोळ्यांत पाणी आलं. आत्या मात्र आत बाकड्यावर बसली, फुंकर घालत घालत, बशी न वापरता, गार होईपर्यंत प्याली. आमच्या वस्तीतलं त्या बाकड्यावर बसलेलं ते पहिलं माणूस, आणि तेही बाईमाणूस. बाहेर आल्यावर मी धावत जाऊन विचारलं, आत्या, कसा होता? "पानचट," ती म्हणाली. "एवढ्यासाठी इतकी वर्सं..."

ती एकोणीस मतांनी पडली. आणि इथं हसायचं थांबा. पुढचे दोन महिने गावात आमच्या वस्तीच्या कुणालाही काम लागलं नाही. गिरणीवर आमची बाई गेली की पट्टा तुटलेला असायचा. बापू तीन वर्षं सालानं होते, ते काम गेलं. आमचेच लोक आत्याला म्हणाले, तुझ्या एका चहापायी. ती ऐन हंगाम सरताना परत उसाला गेली, दमा घेऊन. निघताना तिनं बापूंना विचारलं, "बापू, चूक झाली का रं?" बापू बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. मग म्हणाले, "झाली. पुढल्या खेपेला बी कर." भावाबहिणींत मी ऐकलेलं हे एवढंच प्रेमाचं बोलणं.

निवडून आली कौसाबाई. पहिल्याच मासिक सभेत आबांनी कागद पुढं सरकवला, इथं सही करा. कौसाबाई म्हणाली, "आधी वाचून दावा. मला इचारलं का?" आणि दगडूबा आठ दिवसांनी वर्तमानपत्रात गुंडाळून ती कपबशी आमच्या दारात घेऊन आला. "ने बाई हिला. गिऱ्हाईक हिला बघून उठून जातं. फोडावी तर साहेबाला लिहून दिलंय." झाडाचा खिळा मात्र राहिला, त्याला पुढं तो कॅलेंडर लावायचा. आमच्या घरातलं मतदान तेव्हापासून तांब्यात न होता त्या कपात होऊ लागलं. बापू तरी हरतच राहिले.

मी कॉलेजला जालन्याला आले, पत्रकं वाढली. प्रत्येक पत्रकाचा पहिला खर्डा आत्याला वाचून दाखवायचा असा शिरस्ता होता. शेवटची भेटही तशीच. अंबडच्या दवाखान्यात, नाकाला नळी, तरी म्हणाली, वाच. मी वाचलं. "'जाहीर निषेध' तीनदा आलाय," ती म्हणाली. "एकदाच कर, पन त्याला ऐकू जाईल आसा कर." मग माझा हात धरला. तिची पकड अजून उसाचीच होती. "सुने, माझ्या मागं गोड गोड बोलतील. बोलू देऊ नको." मी म्हटलं, हो. म्हटलं, मी आहे की.

आणि मी होते. त्या शुक्रवारी, शाळेच्या व्हरांड्यात, दुसऱ्या ओळीत. ग्रामसेवकांनी प्रस्ताव वाचला. सरपंच म्हणजे तोच लॉवाला पुतण्या, आता पोट सुटलेला. "सर्वांना मंजूर?" त्यानं विचारलं. माझा हात मांडीवरून हलला नाही. मी रडत होते म्हणून, असं मी नंतर आठ दिवस सगळ्यांना सांगितलं. खरं कारण ते नाही. स्वतःच्या आत्याच्या श्रद्धांजलीला विरोध कसा करायचा, लोक काय म्हणतील... चावडीवर, तहसीलात, रस्त्यावर घोषणा देणारी मी, लोक काय म्हणतील म्हणून गप्प बसले. हात वर गेला तो बापूंचा. "माझा इरोध हाये," बापू म्हणाले. "मतदान घ्या." ग्रामसेवक गोंधळले. "बापू, श्रद्धांजलीला विरोध?" "श्रद्धांजलीला न्हाई. खोट्याला. माझी भैन शांत नव्हती." कोणीतरी हसलं. सरपंच म्हणाला, "बापूंच्या दुःखात सगळं गाव सहभागी आहे. सर्वानुमते मंजूर," आणि पुढचा विषय घेतला. आबा कोपऱ्यात खुर्चीत होते, थकलेत आता. त्यांनी मान वर केली नाही. तोंडात जीभ फिरवल्यासारखं केलं, एवढंच.

म्हणजे कागदोपत्री आमच्या गावात कधी विरोध नव्हता, कधी पार नव्हता, झाडाला कधी कपबशी नव्हती, आणि आत्या नावाची एक गोड बाई वारली. दगडूबाचा मुलगाही आता हेच सांगतो, आमच्या हाटेलात आसलं काई नव्हतंच. मी घरी आले तेव्हा बापूंनी फळीवरून कप काढून मधोमध ठेवला होता. हे सगळं पेपरात लिहायचं का, यावर मतदान. घरात आता तिघंच. आईनं कपावर मूठ उघडली, मी उघडली, बापूंनी उघडली. कप पालथा केला तर दाणे चार. तीन ज्वारीचे, एक तुरीचा.

"बोगस मतदान!" मी ओरडले.

"आक्काचं मी टाकलं," बापू म्हणाले.

"मग तूर का? तिला हे लिहायला नको होतं?"

"पाह्यजेच व्हतं की." बापूंनी दाणे एकेक करून वेचले. "पन बिनविरोध कसं होऊ दिलं आसतं तिनं?"

रेडिओनंतर बापू पहिल्यांदाच जिंकले, आणि मी हे लिहायला बसले. आता शेवटची ओळ, म्हणजे वाचणाऱ्यानं काय करायचं. पुढच्या ग्रामसभेत पहिला विषय असेल मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. दर सभेत तोच असतो, आणि तो कोणी ऐकत नाही. ग्रामसेवक मान वर न करता विचारतील, मंजूर? आमच्या गावचे असाल, त्या लिंबाखाली किंवा आतल्या बाकड्यावर कधी चहा घेतला असेल, तर त्या दिवशी शाळेत या. बापूंच्या हाताशेजारी या वेळी माझा असेल. तुम्ही दुसऱ्या गावचे असाल, तर तुमच्या झाडाचा खिळा शोधा आणि तुमच्या सभेला जा. 'सर्वानुमते' हा शब्द ऐकू आला की उठा, हात वर करा आणि आत्याच्या आवाजात, फाट्यावरच्या एसटीला ऐकू जाईल असं म्हणा : मतदान घ्या.